यार्ड सेलची खरेदी आणि रविवारची पंगत

चिंगी_डेटनवाली

रविवारी पाहुणे जेवायला येणार असतील तर शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या आधी यार्ड सेल (लोक घरासमोर मांडून जुनं सामान विकतात तो) गाठावा, असं माझं ठाम मत आहे. मेनू तिथेच ठरतो. नवऱ्याला हे पटत नाही, तो नुसतं गराजकडे बोट दाखवतो. पण या वीकेंडला पुरणपोळीवर तूप ओढताना तोही गप्प होता, म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे (डेटनच्या दक्षिणेला, ओहायो) जूनमध्ये अख्ख्या सबडिव्हिजनचा, म्हणजे वसाहतीचा, एकत्र सेल असतो. एकट्यादुकट्या घराचा सेल म्हणजे नशिबाचा खेळ. तिथे लहान मुलांचे कपडे, ट्रेडमिल आणि फोंड्यू सेट यापलीकडे काही हाती लागत नाही. (हे फोंड्यू सेट कोणी वापरतं तरी का? मला तर सगळे विकतानाच दिसतात.) एकत्र सेल असला की गाडी एका कडेला लावून पायी हिंडता येतं. माझा नियम साधा आहे. ज्या ड्राइव्हवेवर पांढऱ्या केसांच्या आजी घडीच्या खुर्चीत बसलेल्या असतील तिथे आधी जायचं. तरुण जोडप्यांकडे आयकिया मिळतं, आजींकडे स्वयंपाकघर मिळतं.

तर अशाच एका आजींच्या टेबलावर, कुकी कटरच्या ढिगाखाली, पुरणयंत्र होतं. त्यांच्या लेखी फूड मिल. मिनिआपोलिसच्या फोली कंपनीचं, दांड्याला लाल लाकडी मूठ, पातेल्याच्या काठावर टेकवायला खाली आकडे, आणि जाळीवरून फिरणारं वाकडं पातं. आजींची आई त्यात सफरचंदं शिजवून ॲपलसॉस गाळायची म्हणे. मी म्हटलं, आम्ही यात डाळ घालणार, तीही गोड. त्यांनी ‘गोड डाळ?’ असं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग उठून मला मूठ उलटी फिरवून दाखवली. पातं जड झालं की दोन-चार वेढे उलटे द्यायचे, तळाला चिकटलेला थर सुटतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. किंमत दोन डॉलर. घासाघीस केली नाही, दोन डॉलरवर काय करायची.

पुढच्या गल्लीत पॉट आइसक्रीमचा पॉट! लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायचा दांडा. बादलीवर ‘व्हाइट माउंटन’ छापलेलं. नाशिकला मे महिन्यात आम्ही भाड्याने आणायचो तोच प्रकार. विकणाऱ्याने पंधरा सांगितले, मी बारा म्हटलं, तो हो म्हणाला.

आणि तिसरी वस्तू म्हणजे बिडाचा तवा. सपाट, गोल, जेमतेम बोटाच्या पेराएवढी कड, मागे ‘वॅग्नर’ आणि ‘सिडनी’. सिडनी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं नव्हे, आमच्याच ओहायोतलं, आय-७५ महामार्गाने उत्तरेला पाऊण तासावर. वॅग्नरचा कारखाना तिथे १८९१ साली सुरू झाला. हा तवा गंजलेला होता म्हणून पाच डॉलरला मिळाला. चकचकीत केलेला असता तर हाच ॲन्टिक मॉलमध्ये पन्नासाच्या पुढे लावला असता.

रविवारी येणार होते नवऱ्याचा मित्र, त्याची बायको, दोन मुलं आणि नुकतेच साताऱ्याहून आलेले त्याचे आईवडील. छोले, जिरा राईस आणि कॉस्टकोचा केक असा आळशी बेत होता. तो शनिवारी दुपारीच रद्द केला. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पांढरा भात आणि आंब्याचं आइसक्रीम. बस्स. पाहुण्यांना पाच भाज्या करून घालण्यापेक्षा एक पदार्थ गरम गरम वाढावा या मताची मी आहे.

तव्याचं शनिवारीच उरकलं. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी यात अर्धा तास बुडवून ठेवला, तारेच्या घासणीने गंज काढला, धुऊन लगेच गॅसवर कोरडा केला. मग तेलाचा हात फिरवायचा आणि तेच तेल फडक्याने असं पुसायचं की जणू लावलंच नव्हतं. हे पुसणं ज्यांना जमत नाही त्यांचे तवे चिकट होतात. ओव्हनमध्ये उपडा, ४५० फॅरनहाइटला तासभर, आणि हेच पुन्हा. रात्री आम्हा दोघांपुरती थालीपीठं लावली. पहिलं चिकटलं, दुसऱ्यापासून उलथनं न लावता सरकायला लागली.

रविवारी मित्राची आई, म्हणजे काकू, आल्या त्या थेट ओट्याशीच. मी ‘तुम्ही बसा हो’ म्हणेपर्यंत पदर खोचून यंत्र पातेल्यावर टेकवलं आणि डाळ ओतली. दोन चिमटी पुरण बोटांत चोळून बघितलं, म्हणाल्या, “आमच्या पितळी यंत्रापेक्षा हलकं फिरतंय की!” पोळ्या त्यांनीच लाटल्या, मी भाजल्या. बिडाच्या तव्यावर पोळीला जे बदामी ठिपके येतात ते नॉनस्टिकवर येत नाहीत, यावर आमचं एकमत झालं.

पॉट मुलांच्या ताब्यात होता. पहिली दहा मिनिटं ‘आता माझी पाळी’ म्हणून भांडणं, पुढची दहा मिनिटं ‘आता तुझी पाळी’ म्हणून भांडणं. दांडा जड झाल्यावर मोठे आले. काकांनी जुना टॉवेल घडी करून पॉटवर ठेवला आणि धाकट्याला वर बसवलं, म्हणजे बादली हलत नाही. त्या पोराला इतका मान आयुष्यात कोणी दिला नसेल.

तुम्ही काय काय उचललंय ते लिहा. आपल्या स्वयंपाकाला लागू पडणारं असेल तर फारच उत्तम.

कढीपत्ता_मिशिगन

चिंगीताई, जळले! माझ्याकडे फोली आहे पण गुडविलमधून (जुन्या सामानाचं दुकान) सहा डॉलरला.

माझी कमाई म्हणजे एब्लस्किवरचं पात्र. डॅनिश लोक त्यात गोल गोड पॅनकेक करतात. बिडाचं, सात खळग्यांचं, लांब दांड्याचं. म्हणजे आपलं आप्पेपात्रच. खळगे मात्र आपल्यापेक्षा खोल आणि मोठे असतात, त्यामुळे आप्पे करताना खळगा निम्माच भरायचा आणि झाकण ठेवून आच मंद ठेवायची, नाहीतर बाहेरून करपतात आणि आत पीठ राहतं. आप्पे उलटायला विणकामाची सुई बेस्ट (तीही सेलमधलीच).

दुसरं म्हणजे टॉर्टिया प्रेस, तोही बिडाचा. पुऱ्यांना वापरते. पीठ घट्ट भिजवायचं, वर-खाली झिपलॉकची पिशवी कापून घालायची. पंचवीस माणसांच्या पुऱ्या एकटीने तळल्यात. अळूवडीला अळू मिळत नाही तेव्हा कोलार्ड ग्रीन्सची पानं, हे तर आता सगळ्यांना माहीत आहेच.

सदाशिव_पेठी

वाचून मौज वाटली. आमच्या आजीने आयुष्यभर बोहारणीला जुने कपडे देऊन नवी भांडी घेतली. तुम्ही अमेरिकेत जाऊन नवे डॉलर देऊन जुनी भांडी घेताय. प्रगती आहे.

गंमत सोडा, पण कोणाच्या घरात काय शिजलं असेल त्या भांड्यात पुरण? सोवळ्याचं सोडून देऊ, मी काही तेवढा कर्मठ नाही, तरी मनाला कसंसंच होतं. आणि एस्टेट सेल म्हणजे तर गेलेल्या माणसाचं घर. तिथून वाटीही आणवणार नाही मला.

चिंगी_डेटनवाली

पेठीकाका, बिडाचा तवा ४५० अंशांत दोन तास तापून निघालाय. त्यानंतर त्यात उरतं ते फक्त लोखंड. हॉटेलात आपण ज्या ताटात जेवतो ते रोज शंभर जणांनी वापरलेलं असतं, तिथे आपण हे विचारत नाही.

एस्टेट सेलबद्दल तुमचं म्हणणं समजतं. मीही तिथे कपडे, अंथरूण-पांघरूण घेत नाही. पण घरात कपाटं तशीच उघडी, मसाल्यांच्या बाटल्यांवर त्या बाईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि मुलांना ते घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं असतं. न विकलेलं डम्पस्टरमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत, जातं. त्यापेक्षा कोणीतरी वापरलेलं बरं नाही का?

सदाशिव_पेठी

ते डम्पस्टरचं पटलं. ताटांचं नाही पटलं.

आमच्याकडे मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार-रविवारी भरतो. हत्यारं, पितळी कुलपं घ्यायला मीही जातो म्हणा.

घासाघीस

नॅशव्हिलहून सलाम. ‘दोन डॉलरवर काय घासाघीस’ या वाक्याचा माझ्या नावामुळे जाहीर निषेध.

एकेका वस्तूवर भाव पाडायचा नाही, हे मान्य. ढीग करायचा. चार वस्तू हातात घ्यायच्या आणि सगळ्याचे मिळून किती विचारायचं. विकणाऱ्यालाही टेबल मोकळं झालेलं हवं असतं. सुट्या एक-एकच्या नोटा आणि क्वार्टर खिशात ठेवा. पंचवीस सेंटच्या चमच्याला वीसची नोट काढणारा माणूस सकाळी साडेसातला कोणालाच आवडत नाही. चांगल्या वस्तू पहिल्या तासात जातात, भाव शेवटच्या तासात पडतो. दोन्ही एकदम मिळत नाही, काय हवं ते ठरवून निघा. ‘नो अर्ली बर्ड्स’ (वेळेआधी येऊ नका) लिहिलं असेल तर खरंच आधी जाऊ नका, लोक मनापासून चिडतात.

आणि डेटनला राहून हायवे १२७ चा सेल केला नाहीत तर काय केलंत? जगातला सर्वांत लांब यार्ड सेल म्हणतात त्याला. १९८७ साली टेनेसीतल्या फेंट्रेस काउंटीच्या प्रमुखाने सुरू केला, लोकांनी इंटरस्टेट (मोठे महामार्ग) सोडून जुन्या रस्त्याने, लहान गावांतून जावं म्हणून. आता मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत ६९० मैल. ऑगस्टचा पहिला गुरुवार ते रविवार. तुमच्या पश्चिमेला ईटनवरूनच जातो. सगळा रस्ता करायच्या फंदात पडू नका. वीस-तीस मैलांचा तुकडा धरा, उन्हाची टोपी घ्या, डिकी रिकामी ठेवा. गुरुवारी माल, रविवारी भाव.

प्रयोगशाळा

रंगाचा बेरंग करतोय, पण कोणीतरी लिहायला हवं.

एक, जुन्या बिडाच्या भांड्यांत काही लोकांनी शिसं वितळवलेलं असतं, गळाची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला. बघून कळत नाही आणि सीझनिंगने (तेल लावून तापवण्याने) जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात शिशाच्या चाचणीचे स्वॅब मिळतात, आधी ते वापरा. खोल, लहान कढया आणि पळीसारखी भांडी जास्त संशयास्पद. सपाट तव्यात कोणी धातू वितळवणार नाही, तेव्हा चिंगीताईंचं पुरण बहुधा सुरक्षित.

दोन, जुनी रंगीत नक्षीची काचेची भांडी. बाहेरच्या रंगात शिसं असू शकतं. कोरेल हा काचेच्या ताटांचा ब्रँड १९७० पासून बाजारात आहे आणि प्रत्येक सेलला ती फुलाफुलांची ताटं असतातच. पण २००५ च्या आधीची ताटं शोभेला ठेवा असं कंपनी स्वतःच सांगते. नक्षी घासून पुसट झाली असेल तर नकोच. पांढरी शुभ्र, बिननक्षीची मला चालतात.

तीन, लहान मुलांचं सामान. परत मागवलेली वस्तू विकणं २००८ च्या कायद्यापासून बेकायदा आहे, यार्ड सेलमध्येसुद्धा. पण विकणाऱ्याला ते माहीत असतंच असं नाही. एका बाजूचा कठडा खाली सरकणारा पाळणा २०११ पासून विकता येत नाही, तरी अजून दिसतो. कार सीट तर कितीही नवी दिसली तरी घेऊ नये. तिच्यावर मुदतीची तारीख असते आणि ती अपघातात सापडली होती की नाही हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

नवी_पाहुणी

मी कोलंबसला नुकतीच आलेय. खूप उपयोगी धागा! दोन प्रश्न. मिक्सर-टोस्टर वगैरे विजेच्या वस्तू घ्याव्यात का? आणि सोफा? आमचं घर अजून रिकामं आहे, सोफा पन्नास डॉलरला दिसला.

घासाघीस

विजेची वस्तू लावून बघितल्याशिवाय नाही. गराजमध्ये प्लग असतो, ‘जरा लावून दाखवता का’ म्हणायला लाजू नका. जो नाही म्हणेल त्याची वस्तू बंद आहे.

लाकडी टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट डोळे मिटून घ्या. कापडी सोफा आणि गादी नको, ढेकूण येतात. एकदा घरात शिरले की सोफ्याच्या कितीतरी पट पैसे फवारणीत जातात.

कढीपत्ता_मिशिगन

+१, सोफा नकोच. मूव्हिंग सेल बघ नवी_पाहुणी. घर हलवणाऱ्यांना वस्तू खरोखरच काढायच्या असतात. विद्यापीठाजवळ राहत असशील तर मे महिन्यात मुलं जातात तेव्हा टेबललॅम्प, पंखे, कधी कधी न उघडलेला राइस कुकर चक्क फुकट.

पुरणपुरुष

एडिसन, न्यू जर्सी. पुरणाचा विषय निघाल्यावर न लिहिता राहवत नाही.

फूड प्रोसेसरवाल्यांसाठी हे सांगतो. डाळीची एखादी कणी अर्धवट शिजलेली राहतेच. यंत्राची जाळी ती अडवते. प्रोसेसर ती बारीक करून पुरणात मिसळतो, आणि पोळी लाटताना नेमकी तिथेच फुटते. म्हणून फोलीला माझा दंडवत. मात्र पुरण गरम असतानाच फिरवा. गार झालं की त्या लाल मुठीवर लोंबकळावं लागेल.

चणाडाळ दोन वाट्या असेल तर चिरलेला गूळ पावणेदोन ते दोन वाट्या. डाळ भिजवून कुकरला मऊ शिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं (तोच कट), मग गूळ घालून झारा उभा राहीपर्यंत आटवायचं. पुरण कडेने सुटलं म्हणजे झालं. इथल्या अमेरिकन दुकानातलं होल व्हीट पीठ पोळीला घेऊ नका, कोंडा भरड असतो, पारी फाटते. इंडियन ग्रोसरीतला आटा बारीक चाळणीने चाळून त्यात तिसरा हिस्सा मैदा, सैल भिजवून वर तेल ओतून दोन तास झाकून ठेवा. तेलात हात आखडायचा नाही.

चिंगीताई, साताऱ्याच्या काकूंनी जायफळ घातलं की वेलची?

चिंगी_डेटनवाली

दोन्ही, वर सुंठेची चिमूट. आणि तूप वाढताना चमचा नाही, सरळ वाटीच.

खमंग_काकडी

पुरणपोळी होत राहील, आइसक्रीमचं प्रमाण टाका कुणीतरी! माझ्या गराजमध्ये असाच पॉट दोन उन्हाळे पडून आहे. बादलीतून पाणी गळतं म्हणून वापरत नाही.

चिंगी_डेटनवाली

गळतंय कारण फळ्या वाळल्यात. आदल्या रात्री बादली पाण्याने भरून ठेवा, लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. आमचीही आधी गळत होती.

केशर आंब्याच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा, हेवी क्रीम दोन कप, होल मिल्क दोन कप, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, किंचित मीठ. पल्प आधीच गोड असतो, साखर नको. सगळं फेटून फ्रीजमध्ये गार करून मगच ओता. डबा दोन-तृतीयांशच भरायचा, घुसळताना फुगतं. बाजूने बर्फाचा चुरा आणि जाड मीठ, थरावर थर. मिठात काटकसर केलीत तर तासभर फिरवूनही दूधच खाल. बादलीला कडेला एक भोक असतं, खारं पाणी बाहेर पडायला. ते बर्फाने बुजू देऊ नका, नाहीतर पाणी झाकणाच्या वर चढून आइसक्रीम खारट होतं.

ताजे आंबे घ्यायचा विचार असेल तर सांगते, २००७ पासून भारतातले आंबे इथे येतात, पण पेटीचा भाव बघून आम्ही पल्पच घेतला. एक हापूस आणला होता, तो काकांना कापून दिला. बाठा धाकट्याने पळवला.

पुरणपुरुष

आणि कटाच्या आमटीत चमचाभर पुरण घातलंत ना? भाजलेलं सुकं खोबरं-जिरं वाटून?

चिंगी_डेटनवाली

घातलं. गोडा मसाला काकूंच्या पिशवीतला. उरलेली आमटी आज डब्यात नेली, काल होती त्याहून चांगली लागली. ऑगस्टच्या १२७ ला कोण कोण येतंय ते सांगा. ईटनला भेटू, मी थालीपीठं आणते, घासाघीस यांनी सुटे आणावेत.

सदाशिव_पेठी

पितळी अडकित्ता दिसला तर माझ्यासाठी बघा. पैसे देतो. जुना असला तरी चालेल.